प्लाझ्मावर छापलेला युरिया

"हे पहा," मेश्रामबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

पडदा निळा झाला. केबलची वायर त्यांनी आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे चित्र यायचा प्रश्नच नव्हता. तरीही खालच्या बाजूला फिकट अक्षरं दिसत होती. 'कृषी केंद्र, मेन रोड. युरिया मिळेल.' शिवाय दोन्ही कडांना एकेक रुंद उभा पट्टा, बाकी पडद्यापेक्षा उजळ.

"रविवारी बुद्धवंदना लागली होती," बाई म्हणाल्या. "मूर्ती दिसून राह्यली, अन् मूर्तीच्या खाली युरिया मिळेल."

त्यांचे यजमान रामदासभाऊ खाटेवर बसले होते. घरची धानाची शेती तेच पाहायचे. ते म्हणाले, "मिळत तं नाई बापा. मी जाऊन पाह्यलं."

मी हसलो नाही. ती अक्षरं तिथं कशी उमटली असतील याचा मला अंदाज आला होता, आणि त्यात माझा हात होता.

मी तेव्हा चंद्रपूरला एका टीव्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनिअर होतो. इंजिनिअर म्हणजे डिप्लोमावाला. व्हिजिटिंग कार्डावर मात्र 'इंजिनिअर' छापलेलं होतं. प्लाझ्मा टीव्हीचा तो जमाना. आज कोणाला आठवतही नसेल, पण चार-पाच वर्षं दुकानदारांनी प्लाझ्माचा असा उदोउदो केला की जणू तो टीव्ही घरातली भांडणंसुद्धा मिटवणार होता. आम्हाला त्याचं ट्रेनिंग नागपूरच्या एका हॉटेलात दोन दिवस दिलं. जेवण उत्तम होतं. शिकवणाऱ्यानं स्वतः प्लाझ्मा उघडून पाहिला असेल, असं मला वाटलं नाही.

मेश्रामबाई सावली गावच्या. आरोग्य खात्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या आणि चंद्रपूरला येऊन प्लाझ्मा घेऊन गेल्या. नोकरी बरीचशी जंगलात झालेली. क्वार्टरमधल्या छोट्या टीव्हीवर आयुष्यभर मुंग्याच पाहिल्या, म्हणाल्या. एकदा स्वच्छ चित्र पाहायचं होतं, एवढीच हौस.

दुकानात त्यांना समुद्राखालचे मासे दाखवले. प्रत्येक खवला मोजून घ्यावा असं चित्र. ते मासे खास डिस्कवरून लावलेले असतात. हे सेल्समननं सांगितलं नाही. त्यानं सांगितलं, "बाई, एचडी आहे. घरी असंच दिसणार." एचडी म्हणजे पडद्यावर जास्त ठिपके, म्हणून जास्त बारकावे. पण ठिपके भरायला तसं चित्र बाहेरून यावं लागतं. सावलीत तेव्हा केबलवाल्याची जुनीच वायर होती आणि तीतून येणारं चित्र जुन्याच टीव्हीच्या लायकीचं. टीव्ही बसवायला दुकानाचा माणूस गेला, त्यानंही काही न सांगता पडद्यावरचं चमकदार स्टिकर पुसलं, चहा घेतला आणि निघून आला.

आठ दिवसांत तक्रार आली. 'पिक्चर खराब, माणसं जाडी दिसतात.' कॉल मला दिला.

मी गेलो. चित्र धूसर होतं, ते होणारच होतं. माणसं जाडी दिसत होती, कारण जुनं चित्र चौकोनी आणि नवा पडदा लांबट. टीव्ही चित्राला दोन्ही बाजूंनी ओढून पडदा भरत होता. बातम्या देणारी सडपातळ मुलगी पोत्यासारखी दिसायची.

"दुकानात तं मासे कसे सुंदर होते," बाई म्हणाल्या. "इथी काऊन असं?"

मी सिग्नल, रिझोल्यूशन असं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पाणी भराले गुंडी मोठी आणली, पण नळाले पाणी तेवढंच."

"हो."

"मग हे दुकानवाल्याले माहीत नव्हतं काय?"

"माहीत असतं, बाई."

"मग सांगतलं काऊन नाई?"

याचं उत्तर कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. आमचे सर्व्हिस मॅनेजर राऊत साहेब अशा कॉलला 'कस्टमर एज्युकेशन' म्हणायचे. म्हणजे माल ठीक आहे, गिऱ्हाईक अडाणी आहे, त्याला समजावून कॉल बंद करा. मी जॉब शीटवर, म्हणजे कॉलच्या अहवालावर, तेच लिहिलं. बाई वाचत होत्या. म्हणाल्या, "एज्युकेशन? बरं. शिकवा मग."

मी शिकवलं. रिमोटवर 'फोर बाय थ्री' असं सेटिंग असतं. ते केलं की चित्र आपल्या मूळ आकारात, पडद्याच्या मधोमध येतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. माणसं लगेच माणसांसारखी दिसू लागली. बाई खूश झाल्या. मी जॉब शीटवर ऐटीत इंग्लिशमधून लिहिलं, 'कस्टमरला नेहमी फोर बाय थ्री मोडवर वापरण्यास सांगितले.' 'नेहमी' हा शब्द कोणी मागितला नव्हता, मी आपल्या मनानं घातला. खाली सही ठोकली. पांढरी कॉपी ऑफिसला, गुलाबी कॉपी बाईंना. मोहरीची भाजी आणि भात खाऊन निघालो. इतका हुशार मी आयुष्यात पुन्हा कधी झालो नाही.

आता माझी हुशारी सांगतो. प्लाझ्माच्या पडद्यात लाखो बारीक कप्पे असतात. त्यांत वायू असतो, विजेनं तो पेटतो आणि कप्प्याला आतून लावलेली पावडर उजळते. जो कप्पा जास्त वापराल त्याची पावडर लवकर थकते. काळ्या पट्ट्यातले कप्पे बसून खातात, मधले राबतात. चार महिन्यांनी पूर्ण पडदा लावला की बसून खाल्लेले ताजेतवाने दिसतात आणि राबलेले निस्तेज. तसंच एकाच जागी स्थिर अक्षरं दिवसदिवस राहिली तर ती उमटूनच बसतात. याला 'बर्न-इन' म्हणतात. नवा टीव्ही असताना हे जास्त होतं. त्यात टीव्ही दुकानातल्यासारखा भगभगीत मोडवर असेल तर आणखी जास्त. तो मोड मी पाहिला होता. बदलला नव्हता.

सावलीच्या केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनल होता. दिवसभर सिनेमे, आणि खाली गावातल्या दुकानाची जाहिरात, जी हलायची नाही. रामदासभाऊ दुपारी धानाच्या बांधीवरून आले की तोच चॅनल लावून पडायचे. आणि हे सगळं मॅन्युअलच्या आठव्या पानावर इशारा म्हणून लिहिलेलं होतं. मी मॅन्युअल वाचलं ते चार महिन्यांनंतरच्या त्या दुसऱ्या भेटीत, युरियाची अक्षरं पाहिल्यावर, बाईंच्या घरी, त्यांच्याच खाटेवर बसून.

ऑफिसला येऊन राऊत साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"वॉरंटीत बसत नाही. लिहून टाक, कस्टमर मिसयूज."

"साहेब, फोर बाय थ्री मीच सांगितलं होतं. जॉब शीटवर आहे."

आता मान वर आली. त्यांनी फाइल मागवली. पांढरी कॉपी वाचली. मग ती फाइलमधून काढून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली, इतक्या सहजपणे की ही पहिली वेळ नसावी.

"तिच्याकडं गुलाबी असेल?"

"असेल."

"नवी शीट कर. तारीख तीच टाक. लिही, कस्टमरला फोर बाय थ्री वापरू नये असं सांगितलं. तिची सही घे आणि जुनी परत आण. म्हण, ऑफिसला रेकॉर्ड अपडेट करायचा आहे."

"साहेब, त्या सही करतील?"

"अबे, गावातली म्हातारी बाई आहे. इंग्लिश शीट कोण वाचते?"

मी काय केलं? नवी शीट केली. माझं लग्न ठरलं होतं. सासरच्यांना 'मुलगा कंपनीत इंजिनिअर आहे' असं सांगून झालं होतं. मूल गावाच्या पुढं एसटीत बसून मी मनाची समजूत घातली की मी फक्त कागद नेतो आहे. असं पोस्टमननं म्हणावं. मी पोस्टमन नव्हतो.

बाईंनी पाणी दिलं. मी शीट पुढं केली, पेन पुढं केला आणि घोकलेलं वाक्य म्हटलं. "ऑफिसला रेकॉर्ड अपडेट करायचा आहे."

त्यांनी चष्मा लावला. इंग्लिश शीट वरपासून खालपर्यंत वाचली. एकदा नाही, दोनदा. तीस वर्षं औषधांच्या बाटल्या वाचून गोळ्या देणाऱ्या बाईला आमचा साहेब अडाणी समजत होता.

"ही तारीख तं पहिल्या वेळची आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् त्या वेळी तुम्ही उलटं सांगतलं होतं."

रामदासभाऊंनी सिनेमाचा आवाज बंद केला. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

बाईंनी शीट घडी न घालता टेबलावर ठेवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एटापल्लीच्या पलीकडं जंगलात एका उपकेंद्रावर होती मी. एकदा लसीच्या डब्यातला बर्फ वितळून गेला. साहेब म्हणे, बर्फ होता असं लिहा, वरून विचारणा होते. मी नाई लिहिलं. लस फेकून दिली अन् तसंच लिहिलं. दोन वर्षांत बदली होणार होती माही. अकरा वर्षं तिथीच ठेवलं."

"मग?"

"मग काय? चालायची सवय झाली."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मला वाटलं, चहाला. त्या कोरा कागद घेऊन आल्या.

"मी तुमच्या विरोधात काही नाई लिहून राह्यली, भाऊ. टीव्ही बदलून भेटो की नाई भेटो. तुम्ही काय सांगतलं होतं, ते तुमच्या हातानं लिहून द्या. नसेल द्यायचं तं हा कागद राहू द्या अन् चहा घेऊन जा."

चहा आला, निवला. डोक्यात साहेब होते, लग्न होतं, सासरे होते. समोर एक बाई बसल्या होत्या ज्यांनी माझं ऐकलं, अगदी अक्षरशः ऐकलं, आणि म्हणून त्यांचा टीव्ही गेला. न ऐकणाऱ्या गिऱ्हाइकांचे टीव्ही ठणठणीत होते.

मी लिहिलं. मराठीत लिहिलं, पळवाट राहू नये म्हणून. फोर बाय थ्री मी सांगितलं, 'नेहमी' हा शब्द माझा, भगभगीत मोड मी बदलला नाही, स्थिर अक्षरांबद्दल मी सांगितलं नाही कारण मला माहीत नव्हतं. सही केली. अक्षर वाईट आलं.

"आणि ती गुलाबी कॉपी?" मी विचारलं. कारण साहेब विचारणार होते.

"न्या ना," बाई म्हणाल्या आणि डब्यातून काढून दिली. "दोन झेरॉक्स आहेत माह्याकडं. एक पोरीकडं ठेवली आहे, नागभीडले."

राऊत साहेबांपुढं मी गुलाबी कॉपी आणि सही नसलेली शीट ठेवली, आणि मी काय लिहून दिलं तेही सांगितलं. ते पाच मिनिटं हिंदीत बोलले. त्यातलं छापण्यासारखं एकच वाक्य होतं. "तुझे कंपनी पगार देती है या वो बुढिया?"

बाईंनी कंपनीच्या हेड ऑफिसला पत्र पाठवलं. सोबत माझा कागद आणि झेरॉक्स. खाली एक ओळ, की उत्तर आलं नाही तर ग्राहक मंचात जाईन. हेड ऑफिसनं राऊत साहेबांना विचारलं. साहेबांनी कळवलं की इंजिनिअर नवीन आहे आणि त्याची समज कमी आहे. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याबद्दल काही खरं लिहिलं.

पॅनल, म्हणजे आतला पडदा, बदलून द्यायचं ठरलं. मग कळलं, पॅनल येणंच बंद झालं आहे. ज्या टीव्हीला दुकानदार 'पुढची वीस वर्षं पाहावं लागणार नाही' म्हणत होते, तो कंपनीनंच गुंडाळला होता. शेवटी पाच महिन्यांनी त्यांना त्याच मापाचा एलईडी टीव्ही मिळाला. मी बसवायला गेलो नाही. मला पाठवलं नाही. माझ्याकडं तोवर आलापल्ली-एटापल्लीच्या बाजूचे कॉल दिले होते, जिथं अर्धा दिवस एसटीत आणि उरलेला अर्धा लाईट येण्याची वाट पाहण्यात जायचा. वर्षभरानं मी नोकरी सोडली. लग्न झालं. सासऱ्यांनी 'कंपनीत इंजिनिअर'वरून 'स्वतःचं दुकान' असा बदल काही दिवस कुरकुरत केला. राऊत साहेब एरिया मॅनेजर झाले.

नंतर एकदा लग्नाला सावलीला गेलो होतो, तेव्हा बाईंकडं डोकावलो. एचडीची डिश बसवून घेतली होती. रामदासभाऊ मासे पाहत होते. "आता दुकानातल्यासारखं दिसते," बाई म्हणाल्या. "पण पाच मिनिटांच्या वर कोण पाह्यते हो मासे?"

माझं आता टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. विकत घेण्याआधी लोक सल्ला विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, दुकानात गेल्यावर मासे बंद करायला सांगा आणि घरी जो चॅनल पाहता तो लावायला सांगा. नाही म्हणाले तर बाहेर पडा. आणि मला विचाराल, तर जे मला माहीत नाही ते मी 'माहीत नाही' असंच सांगतो. गिऱ्हाईक जरा नाराज होतं. मग ते शेजारच्या दुकानात जातं, तिथं सगळं माहीत असतं.