कागद वाचताना येणारा खोकला

पुण्याहून ट्रेनिंग पुरं करून परतलो तेव्हा माझ्याजवळ पत्र्याची एक ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत बालशिक्षण होतं. रंगीत कागदांचे गठ्ठे, लाकडी ठोकळे, कवायतगीतांची वही आणि 'मूल खेळता खेळता शिकते' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं टाचण. जिल्हा बोर्डाने मला नेमलं ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला, दोन तासांच्या चढणीवरच्या एका वाडीत. ट्रंक वर नेणारा गडी वाटेत दोनदा टेकला आणि दोन्ही वेळा हिच्यात आहे तरी काय असं त्याने विचारलं. खेळणी आहेत असं सांगितल्यावर तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग ट्रंक डोक्यावर घेऊन चालू लागला.

शाळा देवीच्या देवळात भरायची. मुलं पहाटे गोठ्यातलं शेण काढून, म्हशी रानाला लावून मगच यायची. पहिल्या आठवड्यात मी त्यांना फुलपाखरामागे धावण्याचं गीत शिकवलं. ती धावली, कारण मास्तर सांगतो ते करायचं असतं. तोंडं मात्र तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारखी होती. बेडकासारख्या उड्या मारा म्हटलं तेव्हा एकाने किती मारायच्या ते विचारलं. माती देऊन आंबा, केळं, संत्रं करायला सांगितलं तर सगळ्यांनी म्हशी केल्या. संत्रं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं. ठोकळ्यांपैकी दोन मला पुढे एका घरात, डुगडुगणाऱ्या पाटाखाली सापडले.

पालकांचं म्हणणं एका म्हाताऱ्याने येऊन मला ऐकवलं. नातवाला हाताला धरून तो देवळाच्या पायरीशी उभा राहिला. "खेळायचंच हाय तर म्हशींमागं खेळंल की," तो म्हणाला, "म्हशी तरी चरतील." महिनाभरात मी हात टेकले, ट्रंकेला कुलूप लावलं आणि पोरांना मुकाट्याने बाराखडी घोकायला बसवलं.

वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरचा एक तरी माणूस मुंबईला होता, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. आठवड्यातून एकदा डाकवाला चढण चढून यायचा आणि पत्रं, म्हणजे तिथल्या भाषेत कागद, देऊन जायचा. ती वाचायची कोणी, तर मास्तरने. दुपारी देवळाच्या ओवरीत बायका येऊन बसायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर किंवा पाठीशी एखादं पोर असायचं, आणि मी एकेक कागद मोठ्याने वाचायचो. उत्तरंही मीच लिहायचो.

या कामात मी थोडी कलाकुसर करत असे. मुलाने लिहिलेलं असायचं, 'आईला सांगणे, फार कटकट करू नये.' मी वाचायचो, 'आईने प्रकृतीस जपावे.' म्हातारीचे डोळे भरून यायचे. प्रत्येक बापाच्या पत्राच्या शेवटी मी आपल्या पदरचं एक वाक्य घालायचो, 'पोरांना शाळेत धाडणे.' मुंबईतल्या त्या बापांना शिक्षणाची एवढी कळकळ आहे हे ऐकून बायका पोरांना पाठवायच्या. हे सगळं मी पुण्याचं काम समजत होतो. स्वतःवर खूश असण्याचे दिवस होते ते.

मग एका श्रावणात मधल्या सुट्टीत मी पोरांचा एक खेळ पाहिला. वाडीच्या खाली सागाची झाडं होती. सागाचं कोवळं पान काट्याने ओरबाडलं की लाल रेघ उमटते. पोरांनी अशी लाल रेघोट्यांची पानं केली होती. एक डाकवाला झाला होता, तो धापा टाकत आला आणि त्याने पानं वाटली. तीन-चार मुली डोक्यावर पदर घेतल्याचं सोंग करून बसल्या होत्या. आणि मधोमध, गवताच्या काडीचा चष्मा नाकावर ठेवून, मी बसलो होतो. मी झालेली मुलगी आठ वर्षांची होती. तिने पान डोळ्यांशी नेलं आणि म्हणायला सुरुवात केली, "इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे. पत्र लिहिण्यास कारण की..." इथे ती थांबली, दोनदा खाकरली, बोटाने चष्मा वर सारला आणि पुढे वाचू लागली. बाकीच्या पोरी हसून लोळल्या.

मीही हसलो. आपला हा खोकला तपकिरीचा असेल असं मला वाटलं आणि मी पंधरा दिवस तपकीर सोडून पाहिली. काही फरक पडला नाही.

पण त्या खेळाने माझी शाळा उभी केली. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला वर्गात आणलं. रेघोट्यांऐवजी पानावर खरी अक्षरं काढायची. ज्याचं नाव त्याने ओळखलं तरच डाकवाला पान देणार. आलेला कागद वाचायचा आणि जबाब लिहून धाडायचा. शेळी व्याली, तात्याचा पाय मुरगळला, देवीपुढे बकरं सोडलं, सगळं पानावर यायचं. बाराखडीला कंटाळलेली पोरं सुट्टी झाल्यावरही उठेनात. दसऱ्यापर्यंत सहा मुलं न अडखळता वाचायला लागली, आणि सर्वांत चांगली वाचायची ती गवताच्या चष्म्याची मुलगी.

आता तिच्या आईविषयी सांगायला हवं. ते मी इतका वेळ टाळतो आहे.

तिचा नवरा गिरणीत होता. तो वाडीच्याच शाळेत दुसरीपर्यंत शिकलेला. बाकीच्यांची पत्रं चाळीतला कोणी कारकून मोडीत लिहून द्यायचा. याला मोडी येत नव्हती, आणि कोणाकडून लिहून घ्यायची लाज वाटत असावी. म्हणून तो पुस्तकातल्यासारखी बाळबोध अक्षरं, एकेक बोराएवढं, स्वतः काढायचा. आदल्या वर्षीच्या भादव्यात त्याचं पत्र आलं. त्याने मुंबईत दुसरीबरोबर संसार मांडला होता. बायकोने आता त्याची वाट पाहू नये, भावाकडे, महाडजवळच्या नाते गावी निघून जावं, असं त्याने लिहिलं होतं.

ओवरी बायकांनी भरलेली होती. ती पुढेच बसली होती, मुलीला कुशीत घेऊन, आणि कागद संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खाकरलो. मग वाचलं, 'रजा मिळत नाही. शिमग्याला नक्की येतो. पोरीला शाळेत धाडणे.' उद्या एकटीला गाठून खरं सांगू असं मी ठरवलं. उद्या तिच्याकडे पाहुणे होते. परवा मला ताप होता. मग भातं कापायला आली. शिमग्याला तो अर्थातच आला नाही, तेव्हा मी कागद वाचताना गिरणीतल्या जॉबरला, म्हणजे त्याच्या मुकादमाला, आजारी पाडलं. आणखी दोन पत्रं आली, आणि दोन्ही मी तशीच वाचली. तिच्या वतीने जबाब लिहिताना 'वाट पाहत आहे' असं लिहायचो, कारण ती तेच सांगायची.

मधल्या काळात तिचा भाऊ नात्याहून दोनदा येऊन गेला. त्याने कुणाकडून काहीतरी ऐकलं असावं. माळावरचा जमिनीचा एक तुकडा तुझ्या नावाने ठेवतो, पोरीला घेऊन चल, असं तो म्हणत होता. तिने त्याला दोन्ही वेळा परत पाठवलं. धनी येणार आहेत, तसा कागद आहे, असं तिने सांगितलं. सासूची बोलणी खात ती त्या घरात राबत राहिली. हे सगळं मला माहीत होतं. मी रोज तिच्या मुलीला कागद वाचायला शिकवत होतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींना कधीतरी भेटतील हे माझ्या ट्रेनिंग झालेल्या डोक्यात आलं नाही.

भातं घरात आल्यावर दिपोटी साहेब शाळा तपासायला आले. डोलीतून आले, तरी त्यांनाच घाम फुटला होता. मी त्यांना खेळ दाखवला. पोरं रंगात आली. डाकवाल्याने साहेबांनाही एक पान दिलं, त्यावर 'साहेब, आमच्या शाळेला घंटा धाडणे' असं होतं. साहेब हसले. मी त्यांच्याशी अर्धा तास पद्धतीविषयी बोललो, पुण्यातले शब्द वापरून. मग ते म्हणाले, हे ठीक आहे, पण घरचंच लिहिलेलं घरीच वाचायचं म्हणजे पाठांतरही असू शकतं. खरं, परकं पत्र यांतलं कोणी वाचेल का? मी छाती काढून म्हणालो, कोणतंही द्या.

डाकेचा दिवस होता. खरा डाकवाला येऊन गेला होता आणि मुलीची आई हातात पाकीट घेऊन पायरीशी थांबली होती. साहेबांनी तिला पुढे बोलावलं, वाचणारी मुलगी तुमचीच ना, मग तुमचंच पत्र वाचू दे, म्हणाले. तिला झालेला आनंद मला अजून दिसतो. ते मोडीत असेल, साहेब, असं मी घाईघाईने म्हणालो. त्यांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि नुसती नजर टाकून म्हणाले, छे, स्वच्छ बाळबोध आहे. कागद मुलीच्या हातात गेला.

तिने सुरुवात खणखणीत केली. इकडील सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवणे. पत्र लिहिण्यास कारण की. मग ती थांबली. तिचं बोट ओळीखालून पुढे सरकत होतं, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बोट कागदाच्या तळाशी पोचलं. मी देवीच्या घंटेकडे बघत उभा होतो. मुलगी दोनदा खाकरली. नाकावर नसलेला चष्मा तिने बोटाने वर सारला.

"रजा मिळत नाही," तिने वाचलं. "शिमग्याला नक्की येतो. पोरीला शाळेत धाडणे. कळावे."

साहेबांनी मान डोलावली. नुसती अक्षरं ओळखत नाही, आशय समजून वाचते, असं ते म्हणाले, आणि शेरेबुकातही त्यांनी तेच लिहिलं. खाली सही केली, डोलीत बसले आणि दिवस कलायच्या आत उतरून गेले. पोरं पांगली. देवळात आम्ही तिघंच उरलो. आई ओवरीत खाली बसली आणि तिने मुलीला समोर बसवलं.

"परत वाच गो," ती म्हणाली. "या बारीला खोकू नको."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी वाच म्हणून मान हलवली. त्या सगळ्या काळात मी केलेलं तेवढंच एक धड काम. तिने कागद पाटीसारखा मांडीवर ठेवला आणि अक्षराखाली बोट धरून, मी शिकवलं होतं तसं, एकही काना न चुकवता वाचलं. 'मी हितं दुसरा संसार केला हाय. ह्या आदी तीन कागदांत लिवलं. मी एक लिवतो, तू भलतंच लिवतेस. माजी वाट बगू नको. नात्याला जा.'

आई रडली नाही. कागदाची घडी घालून तिने कनवटीला लावली आणि मग मला म्हणाली, "भाव दोनदा आला होता, मास्तर. मी त्याला दोनदा माघारी लावला."

तिच्यावर दया करतो आहे असं मी इतके दिवस समजत होतो, आणि खरं तर बायकांच्या घोळक्यात एका बाईला रडताना पाहायची मला भीती वाटली होती, एवढंच ते होतं. मला लाज वाटली. आज म्हातारपणी हे लिहितानाही वाटते आहे.

तिसऱ्या दिवशी मायलेकी डोंगर उतरून नात्याला गेल्या. पुढे महाडच्या बाजारात तो भाऊ भेटला. माळावरचा तुकडा तोवर त्याने दुसऱ्याला कसायला दिला होता. बहीण लोकांच्या शेतावर जाते, म्हणाला. भाचीला शाळेत घातलं का, असं मी विचारलं. तिला वाचता येतं की, तो म्हणाला, आणखी काय शिकायचं. त्याने मला ओळखलं नव्हतं, आणि मीही ओळख दिली नाही.

वाडीत मात्र माझी शाळा भरभराटीला आली. जाताना तिने बायकांना सांगितलं असावं; त्या दिवसानंतर ओवरीत माझ्यासमोर कागद घेऊन कोणी बसलं नाही. त्याऐवजी एकेक बाई आपल्या मुलीला हाताला धरून आणू लागली. हिला लवकर वाचायला शिकवा मास्तर, एवढंच प्रत्येकीचं मागणं होतं, आणि मोडीसुद्धा शिकवा, असं काही जणी बजावून सांगायच्या. तो म्हाताराही नातवाबरोबर नातीला घेऊन आला, आणि या वेळी म्हशींविषयी काही बोलला नाही. वर्ष संपेपर्यंत मुलांपेक्षा मुली जास्त झाल्या. अशी गोष्ट बोर्डाने त्या डोंगरात पाहिली नव्हती, म्हणून त्यांनी लेखी कारण मागवलं. मी पाट पुढे ओढला, दौत उघडली, बोरू बुडवला आणि 'कारण की' एवढं लिहून थांबलो. मग 'खेळाद्वारे शिक्षण' असं लिहिलं, आणि लिहिता लिहिता मला खोकला आला.