पडणाऱ्या माणसांचे डॉक्टर

मोडकी हाडं जोडण्यात आयुष्य घालवलेले डॉक्टर इंग्लंडात पुष्कळ असतील, पण माणूस धडपडला की ज्यांचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा उजळतो असे हाडांचे डॉक्टर एकटे आमचे काकाच. गैरसमज नको. रस्त्यात कुणी खरोखर पडलं तर सगळ्यांत आधी गुडघे टेकून त्याच्याशेजारी बसणारेही तेच. त्यांना वेड होतं ते पडद्यावरच्या पडण्याचं, आणि त्यातही त्यांची आवडनिवड फार कडक. केळ्याच्या सालावरून घसरणं त्यांना अगदी हलक्या दर्जाचं वाटे. "त्यात सगळं काम साल करतं," ते म्हणत. "माणसाने स्वतः काहीतरी करायला नको?"

काका म्हणजे माझ्या आईच्या मैत्रिणीचे थोरले दीर. नागपुरात असते तर या नात्याला कुणी नातं म्हटलं नसतं, पण परदेशात लांबची नाती गरम पाण्यात धुतलेल्या लोकरीच्या स्वेटरसारखी आटून जवळ येतात. मला कॉव्हेंट्रीत नोकरी लागली, नवऱ्याचा व्हिसा कुठेतरी अडकला, आणि फ्लॅट मिळेपर्यंत चार दिवस म्हणून मी त्यांच्याकडे उतरले. ते चार दिवस पुढे दोन हिवाळे चालले.

काकांचं घर मोठं होतं. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन लंडनच्या टोकाला स्टॅनमोरला, आणि एवढ्या खोल्यांत काका एकटे. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय असा, की घराचं हॉटेल करून टाकलं. पैसे घेत नसत, पण बाकी सगळा थाट हॉटेलचा. दारांवर पितळी आकडे होते आणि ते अकरापासून सुरू होत, कारण "एकपासून सुरू केलं की हॉटेल छोटं वाटतं." मी पहिल्यांदा गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं, माझी बॅगही त्यांनीच आत घेतली, आणि मग टेबलावरच्या घंटीकडे बोट दाखवून म्हणाले, "वाजव." मी वाजवली. काका गंभीर चेहऱ्याने आत स्वयंपाकघरात गेले, टॉवेलला हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "येस मॅडम? बुकिंग आहे का आपलं?"

हॉटेल अत्यंत वाईट चालायचं. खाली स्वयंपाकघरात नळ सोडला की वरच्या शॉवरला बर्फाचं पाणी येई. त्यामुळे काका नळ सोडण्याआधी जिन्यात येऊन मोठ्याने सूचना देत, पण शॉवरखालच्या माणसाला ती ऐकू येत नसे, आणि शॉवरखालच्या माणसाची किंकाळी मात्र काकांना स्वच्छ ऐकू येई. नाश्त्याला फुल इंग्लिश. म्हणजे पोहे, आणि त्यावर बेक्ड बीन्स. पोह्यांची फोडणी पडली की स्मोक अलार्म ठणाणा करू लागे, काका खुर्चीवर चढून त्याला टी-टॉवेलने वारा घालत, आणि शेजारच्या मॉरीनबाई त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत येत व खिडक्या उघडत. या बाईंना पुढे इतका सराव झाला की अलार्म वाजला की त्या स्वतःची प्लेट घेऊनच निघत. लेकीने एकदा परस्पर बॉयलरवाल्याला पाठवलं, तर काकांनी त्याला चहा पाजला, क्रिकेटवर तासभर बोलले आणि बॉयलरला हात न लावू देता वाटेला लावलं. मी चिडले. सकाळीच माझ्या डोक्यावर ते बर्फाचं पाणी पडलं होतं.

"काका, अहो दुरुस्त करून घ्यायला काय हरकत आहे?"

"सगळं नीट चाललं ना," काका शांतपणे म्हणाले, "की माणसं आपापल्या खोलीत बसतात गं. काहीतरी बिघडलं की खाली येतात."

एके काळी त्या खोल्या भरलेल्या असत. पुण्या-नागपूरहून नव्याने आलेली पोरं मराठी मंडळाच्या ओळखीने काकांकडे टेकत. आता मात्र सगळे तिकडूनच फ्लॅट बघून येतात. माझ्या वेळी अख्ख्या हॉटेलात पाहुणी मी एकटी. घंटी रोज पुसून चकचकीत असायची, एवढंच.

मुक्कामातला पहिला शनिवार सिनेमाचा. ही सक्ती होती. सिनेमा जुना, इंग्रजी, आणि त्याचं नाव सांगून उपयोग नाही, कारण तो कुणीही पाहिलेला नाही. समुद्रकाठचं एक डबघाईला आलेलं हॉटेल, ते विकायला निघालेला घाबरट मालक, चष्मा हरवलेला वेटर, नेहमी दोन मजल्यांच्या मधोमध थांबणारी लिफ्ट आणि विकत घ्यायला आलेला एक शिष्ट लॉर्ड. दीड तास माणसं नुसती आदळत असतात. वेटर जिन्यावरून गडगडत आला, मी हसायला तोंड उघडलं, तोच शेजारून आवाज आला, "डावं मनगट. सहा आठवडे प्लास्टर." कपाटासकट खाली आलेला हमाल: "कॉलरबोन. स्लिंग पुरे." मालक तळघरात कोसळला तेव्हा काकांनी मान हलवली, "हा नाही वाचत." आणि पुढच्याच दृश्यात तोच मालक टाय सारखा करत वर आला, तेव्हा काकांना असा आनंद झाला की जणू त्याचं ऑपरेशन यांनीच केलं होतं.

जेवणघराचं दृश्य आलं आणि त्यांनी चित्र थांबवलं.

"मागच्या टेबलावर बघ. मोठे कल्ले, ढगळ कोट."

एक काटकुळा तरुण सूपकडे अशा नजरेने बघत होता, जणू त्याचा एक्स-रे काढायचाय. "काका, तुम्ही?"

"आणि त्या खांबापाशी?"

"तिथे कुणी नाही."

"नीट बघ."

मी पडद्याजवळ गेले. खांबाआडून हिरव्या बाहीतलं एक कोपर तेवढं दिसत होतं.

"तुझी काकू," काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते समुद्रकाठच्या एका गावात ज्युनियर डॉक्टर होते. काकू नुकतीच साताऱ्याहून आली होती. इंग्रजी बेताचं, हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एक हीटर, आणि दिवसभर बोलायला कुणी नाही. त्याच गावात या सिनेमाचं शूटिंग होतं, आणि जेवणघरात पाहुणे म्हणून बसायला माणसं हवी होती. काका तिला विरंगुळा म्हणून घेऊन गेले. सूचना एकच होती, वेटर पडून मालकाच्या डोक्यावर सूप ओतेल तेव्हा कुणीही हसायचं नाही, कारण पाहुण्यांना हे रोजचंच आहे. वेटर पडला. काकू हसली. पुन्हा घेतलं, पुन्हा हसली. मालकाचं डोकं धुवायचं, नवं सूप आणायचं, वेटरने पुन्हा पडायचं, आणि हिने पदर तोंडाशी धरून पुन्हा फुटायचं. शेवटी डायरेक्टरने हात जोडले आणि तिची खुर्ची खांबामागे सरकवली.

"इंग्लंडात आल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली होती गं," काका म्हणाले. "मी तिला गप्प कसा करणार?" त्यांनी चित्र पुढे सोडलं. वेटर पडला, सूप उडालं. "बघ, कोपर हलतंय. हसतेय ती."

खरंच हलत होतं. त्यानंतरचे कितीतरी शनिवार आम्ही तो सिनेमा पाहिला. बाहेर चारलाच अंधार पडलेला असे, नवऱ्याचा फोन तिकडच्या झोपेच्या वेळेला बंद झालेला असे, आणि आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसून खांबाकडे बघत असू.

दुसऱ्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर घरात दिवा नव्हता. मॉरीनबाई बहिणीकडे गेल्या होत्या. हाक मारली तर स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "ये. पण जपून, चहा सांडलाय."

काका फरशीवर उताणे पडले होते. आजूबाजूला ट्रे, फुटलेल्या बशा, बिस्किटं. मी धावत जाऊन खाली बसले.

"फार सुंदर पडलो गं," ते म्हणाले. आवाज कोरडा पडला होता. "ट्रे वर, मी खाली. एक कप तर हवेत झेलला. हा बघ." उजव्या हातात खरंच एक अख्खा कप होता. "असं पडणं आयुष्यात एकदाच होतं. आणि बघायला कुणी नाही." ते हसले, आणि हसता हसता त्यांनी तो कप छातीशी धरला. "कुणी बघणारं नसलं ना, की त्यात विनोद उरत नाही. नुसतं पडणं उरतं."

मी त्यांच्या अंगावर रजई घातली, अँब्युलन्सला फोन केला आणि ती येईपर्यंत त्यांच्याजवळ फरशीवर बसून राहिले. कप त्यांनी सोडला नाही. मी डाव्या हाताकडे पाहिलं तेव्हा तेच म्हणाले, "मनगट."

हॉस्पिटलातून परतल्यावर त्यांनी लेकीला स्वतः फोन लावला, स्पीकरवर. प्लास्टरातला हात उंचावून त्यांनी सगळं पडणं रंगवून सांगितलं. ट्रे, कप, बिस्किटं, काही सोडलं नाही. शेवटी थांबून ते हसण्याची वाट बघत राहिले. पलीकडून हसू आलं नाही.

"बाबा," लेक म्हणाली. ती जन्मली-वाढली इथेच, तिचं मराठी असंच. "तू किती वेळ खाली होता?"

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे हाऊ लाँग?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "दुपारपासून," ते म्हणाले.

ती रडायला लागली. "बाबा, माझा घरात खोली आहे. रिकामा आहे. तू का नाही येत? दर वेळी मी विचारते, तू जोक करतो."

काकांनी उंचावलेला हात खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे नाश्ता किती वाजेपर्यंत मिळतो?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "तू उठशील तेव्हा, बाबा."

वसंतात घर विकलं गेलं. मॉरीनबाई निरोपाला आल्या आणि गळ्यात पडून म्हणाल्या की आता खिडक्या कुणाच्या उघडायच्या. त्याच सुमारास माझा नवराही आला आणि आम्ही शेवटी फ्लॅट घेतला. तिथे शॉवरचं पाणी सकाळ-संध्याकाळ गरम असतं.

मध्यंतरी एका कामाच्या दिवशी मी काकांना भेटायला स्टॅनमोरला गेले. लेकीचं घर सुंदर आहे. दारं आवाज न करता मिटतात, दिवे माणूस बघून आपोआप लागतात. लेक-जावई लंडनला कामावर जातात, नातू युनिव्हर्सिटीत. रविवारी लेक त्यांना फिरायला नेते, त्यांच्यासाठी पोहे करते. काही म्हणता काही कमी नाही.

"दिवसभर काय करता काका?"

"मी आणि फ्रिज असतो," काका म्हणाले. "बोलतो गं तो. दार उघडं राहिलं की बोलतो." आणि मग हळूच, "कधीकधी मी मुद्दाम उघडं ठेवतो."

निघताना मी नको नको म्हणत असताना ते काठी घेऊन स्टेशनपर्यंत आले. रस्ताभर मला कोणत्या फुटपाथवर किती लोक घसरू शकतील ते दाखवत होते. मी खाली प्लॅटफॉर्मवर गेले आणि ते कार पार्कच्या कुंपणापाशी उभे राहिले. स्टॅनमोर शेवटचं स्टेशन, तिथे गाड्या सुटायची वाट बघत उभ्या असतात. त्या वेळी दोन होत्या. मी एकीत बसले आणि खिडकीतून हात हलवला, पण त्यांचं लक्ष दुसऱ्या गाडीकडे होतं.

शेजारची गाडी आधी सुटली. काकांनी काठी कुंपणाला टेकवली आणि त्या गाडीला मनापासून, दोन्ही हात वर करकरून निरोप दिला. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत, एकही खिडकी न वगळता. गाडी दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ हात तसेच वर होते. मग त्यांनी काठी घेतली आणि वळले. मी काच वाजवली, हाकही मारली, पण दारं बंद झाली होती. सपाट रस्त्यावरही एकेक पाऊल जपून टाकत ते चढणीकडे निघाले होते, आणि माझी गाडी सुटली तेव्हा मला त्यांची पाठ दिसत होती.