करड्या फोटोतून आलेला रंग

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगू? विश्वास ठेवायला वेळच नव्हता. सकाळचा स्वयंपाक, बस, ऑफिस, परत स्वयंपाक... त्यात एखादं भूत आलं असतं तर त्यालाही मी कणीक मळायला बसवलं असतं. इथे सगळ्यांच्या अनुभवांत पिंपळ असतो, अमावस्या असते. माझ्या अनुभवात एक कॉम्प्युटर आहे, एक सासू आहे आणि एक पातेलं. तेही भर दुपारी. घाबरायला आला असाल तर आत्ताच उठा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही मूळचे बेळगावकडचे, पण बंगळूरच्या राजाजीनगरात मुरलेले. मी तिथल्याच एका रेशमी साड्यांच्या डिझाइन ऑफिसात होते. फोटो स्कॅन करायचा — फुलबाजाराचा, तळ्याचा, पोपडे आलेल्या भिंतीचा — आणि सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने त्यातल्या जागा टिपायच्या. टिपलं की त्या जागेचा रंग चौकोनात येई, शेजारी तांबड्या-हिरव्या-निळ्याचे आकडे. असे पाच-सहा रंग जुळवले की झालं पॅलेट. त्याची प्रिंट डाईंगवाल्याकडे जाई आणि तिकडून त्या रंगात रंगलेल्या रेशमाच्या लड्या येत.

पुण्याहून आलेल्या केतकीने मला हे शिकवलं. वयाने माझ्या भाचीएवढी. शिकल्यावर माझा तोरा काय विचारता! चाळिशी उलटलेली बाई, पण चालणं असं की तांबडा रंग जणू मीच शोधून काढलाय. भाजीवाल्याला सांगितलं होतं, "तुझ्या टोमॅटोत निळा जास्त आहे." तो म्हणाला, "सरी अम्मा," म्हणजे बरं बाई, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. शहाणा माणूस.

घरी सासूबाई. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही. अक्कांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाणार. त्यावर अक्कांनी एकच मागणं काढलं. आईने लग्नात दिलेल्या लुगड्याचा रंग एकदा बघायचा होता. पुरता अंधार व्हायच्या आत.

ते लुगडं कुठे गेलं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. अक्कांच्या सासूने, न विचारता, ते भांडीवालीला देऊन एक जाड बुडाचं पातेलं घेतलं होतं. पातेलं आमच्या स्वयंपाकघरात अजून होतं. त्यात चहा केला तर अक्का कप बाजूला सारायच्या. एवढ्या वर्षांत एक घोटही नाही.

"रंग कसा होता, अक्का? डाळिंबी?"

"न्हवं."

"वांगी?"

"न्हवं गं. सांगता येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

मग मी ऑफिसातून लड्या आणू लागले. अक्का म्हणायच्या, "दारात चल." दारातल्या उन्हात लडी धरायच्या, गालाशी न्यायच्या आणि परत द्यायच्या. "ह्यो न्हवं." आठवडेच्या आठवडे हेच. दिवसभर पडद्यावर रंग बघायचे, बसमधून लोंबकळत यायचं आणि दारात उभं राहून नापास व्हायचं. एकदा मी चप्पलही न काढता पायरीवरच बसले. अक्का म्हणाल्या, "दमलीस व्हय? मीबी."

शेवटी त्यांच्या लग्नाचा, तेच लुगडं नेसलेला फोटो ऑफिसात नेला. स्टुडिओतला, अर्थातच ब्लॅक अँड व्हाइट. केतकी हसायला लागली.

"मॅडम, सीरियसली? यात कलर इन्फर्मेशनच नाहीये. सगळे ग्रे येणार."

"ठाऊक आहे गं. घरी निदान सांगता तरी येईल की केलं."

स्कॅन ग्रेस्केलमध्येच केला. करड्या रंगात तिन्ही आकडे सारखे येतात. खुर्ची टिपली — सारखे. भिंत, अक्कांचा चेहरा — सारखे. मग लुगड्यावर टिपलं.

आकडे सारखे नव्हते.

चौकोनात एक रंग उभा होता. जांभूळ खाताना बीपाशी जो गुलाबीकडे झुकलेला जांभळा लागतो ना, तो. पण त्यावर किंचित राख धरल्यासारखा.

"आधीच्या फाइलचा राहिला असेल," केतकी म्हणाली. तिने सगळं बंद करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि स्वतः टिपलं. खुर्ची करडी, भिंत करडी. लुगडं — तोच रंग. तिने माउसवरून हात काढून घेतला. "मॅडम, हे तुम्ही प्रिंट करा. मी नाही करणार."

मी प्रिंट काढून डाईंगला पाठवली. फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली, तर लुगडंही करडं. नंतर कितीदा स्कॅन केलं, करडंच.

लडी रंगून आली. नेहमीसारखं दारात उभं राहून अक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती गालाशी नेली आणि या वेळी परत दिली नाही. मग लडी पदरात गुंडाळली आणि आत वळल्या.

"चहा टाक की गं."

"टाकते."

"त्या पातेल्यात टाक."

मी टाकला. अक्कांनी अख्खा कप संपवला.

त्यानंतर तपासणी होती. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकला आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "यांना काहीच दिसत नाहीये, आणि हे आजचं नाही. बरेच महिने झाले असावेत. तुम्हाला कळलं नाही?"

बरेच महिने... म्हणजे मी पहिली लडी आणली तेव्हाही?

आम्ही ऑटोत बसलो. मग वाटलं, हात्तिच्या! सुनेचे हाल बघून म्हातारीने ती मुद्दाम ठेवून घेतली असेल. पण मी पडले खोडकर. घरी आल्यावर नापास झालेल्या लड्या काढल्या, त्यात ती मिसळली. सगळ्या एकाच डाईंगच्या, एकाच जातीच्या रेशमाच्या. कुठली कुठे आहे हे मलाही कळू नये म्हणून डोळे मिटून एकेक पुढे केली.

"न्हवं... न्हवं... न्हवं... ही माझी. आण हिकडं."

डोळे उघडले. तीच होती. पुन्हा केलं, पुन्हा तीच. तिसऱ्यांदा अक्का वैतागल्या. "झाला का खेळ तुझा?"

वाटलं, रंगाचा वास येत असेल. म्हणून सगळ्या धुऊन वाळवल्या. तरी तीच.

अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लडी त्यांच्याबरोबरच दिली. परवा नातीने तोच फोटो फोनवर घेऊन क्षणात पॅलेट करून दाखवलं. पाच चौकोन, पाचही करडे. मी म्हटलं, छान आहे. आणखी काय म्हणणार?

ह्याचं उत्तर शोधायची ताकद आता माझ्यात नाही. तेव्हा मात्र होती. शेवटची लडी वाळत घालताना मी अक्कांना सरळ विचारलं होतं, "अक्का, खरं सांगा. तुम्हाला दिसत नाही, मग हा रंग ओळखला कसा?"

अक्का फुर्रकन चहा प्यायल्या.

"तुझ्या मशीनला कसा दिसला, ते तू आधी सांग. मग मी सांगते."