शेंदराखालचा अर्थ

मागच्या हिवाळ्यात माझं देवाशी भांडण झालं होतं. कारणं दोन, आणि दोन्ही एकाच महिन्यात गळ्यात पडलेली. बायकोच्या हृदयाची झडप बदलावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि बाबांच्या जुन्या गाडीची बॅटरी चार्ज होईना. माणूस आणि यंत्र एका ओळीत बसवतोय म्हणून हसू नका. ऑपरेशनच्या आधी तिला अदाशाच्या गणपतीचं दर्शन हवं होतं, आणि तेही याच गाडीतून, कारण लग्न होऊन ती आमच्या घरी आली ती याच गाडीत. मुलाने फोनवर टॅक्सी सुचवली तर म्हणाली, "टॅक्सीनं दवाखान्यात जाईन. देवाकडे आपल्या गाडीनं."

मी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. असा माणूस बारा व्होल्टपुढे हात टेकतो हे मला सहन होत नव्हतं. गाडी चालू झाली की डायनॅमोने बॅटरी भरायला हवी आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझायला हवा. तो विझेना. मी बॅटरी बदलली. डायनॅमो काढून लकडगंजच्या मिस्त्रीला दाखवला, तो ठणठणीत निघाला. पट्टा ताणला, तारा बदलल्या, बॉनेटखाली चार्जिंग सांभाळणारी काळी पेटी असते तिचे पॉइंट घासले. दिवा आपला माझ्याकडे बघतोच आहे. रोज सकाळी पूजेला बसलो की गणपतीला सरळ विचारायचो, बाबा, इतकी वर्षं तुझं नाव घेऊन स्विच टाकला, आता माझ्याच वेळी तुझा फ्यूज उडाला का? खरं तर भीती गाडीची नव्हतीच. गाडी दुरुस्त झाली तर तीही बरी होईल, असं एक वेड मी मनाशी धरलं होतं आणि ते कुणाला सांगायची लाज वाटत होती.

ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी बॅटरी घरच्या चार्जरवर भरून आम्ही निघालो. धुकं होतं, हेडलाइट लावावे लागले, इंजिन दोनतीनदा बंद पडलं, आणि महिनाभर रिकामी होऊन होऊन नवी बॅटरीही थकली होती. कळमेश्वरच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. किल्ली फिरवली की नुसतं टक. बायको म्हणाली, "राहू द्या जी. मी इथूनच हात जोडते." तिने खरंच हात जोडले, आणि मला रडू आलं.

रस्त्यापलीकडे टिनाच्या शेडमध्ये ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तिथून चाळिशीची एक बाई हातात तारेचा तुकडा घेऊन आली. "जय भीम, काकाजी. काय होऊन राहिलं?" मी आधी माझी चौतीस वर्षं सांगितली, मग बिघाड. पहिल्या भागाकडे तिने लक्षच दिलं नाही. एवढंच विचारलं, "हे कधीपासून?" मी म्हटलं, दसऱ्यापासून. "दसऱ्याले काय केलं होतं?" पूजा, दुसरं काय. तिने तारेचं एक टोक काळ्या पेटीच्या पत्र्याला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि मला समोरून इंजिनाचं हँडल मारायला लावलं. इंजिन सुरू झालं. बायको आतून ओरडली, "विझला! दिवा विझला!"

"काकाजी, तुमच्या गाडीत सगळं आहे," ती बाई म्हणाली. "अर्थच नाही भेटून राहिला."

अर्थिंगला आम्ही लोक अर्थच म्हणतो. हजारदा म्हटलेला शब्द, पण त्या दिवशी कानात अडकला. वीज तारेतून जाते आणि गाडीच्या पत्र्यातून परत येते, आणि पेटीला ही परतीची वाट तिच्या बोल्टमधून मिळते. बाईने बोल्ट खोलला तर खाली शेंदराचा जाड थर, त्यातून वीज जाणार कशी! दसऱ्याला पेटी काढून, जागा पुसून, मीच तेलातला शेंदूर भक्तिभावाने फासला होता आणि वर पेटी आवळली होती. महिनाभर सगळं तपासलं, पण जिथे मी स्वतः देव मांडला होता तिथे शंका घ्यायला हात धजला नाही.

"देवाले लावा ना शेंदूर," ती पॉलिश पेपरने घासत म्हणाली, "अर्थाले काहून लावता?" बायको इतकी हसली की तिला दम लागला. कितीतरी दिवसांनी हसली.

मी त्या बाईला दर्शनाला चला म्हटलं. "मी देवळात नाही येत. काकूले घेऊन जा लवकर." ती काही अंतर्धान पावली नाही. दुकान आजही तिथेच आहे, संत्री घेऊन मी दोनदा जाऊन आलो.

अदाशाचा गणपती नखशिखांत शेंदराचा. त्याच्यासमोर उभा राहिलो तर मागायला काही सुचेना. सौदा करायला आलो होतो, तोच विसरलो. म्हटलं, माझं ज्ञान आणि माझी पूजा दोन्ही तुझ्या वाटेत आली, आता तूच बघ. सोमवारी तिला आत नेलं तेव्हा मी बाकावर बसलो. मशीनचा एकही आवाज मोजला नाही, एकाही नर्सला अडवलं नाही. फक्त बसलो.

ती घरी आली. आता रविवारी आम्ही गाडी काढतो. या दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं ते स्टिअरिंगवर. मी किल्ली फिरवतो, लाल दिवा विझतो, आणि शेजारून ती दर वेळी विचारते, "भेटला का जी अर्थ?"