तुझ्याकडेही आलं

माझा मामा कुणाकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला की आधी दम द्यायचा, "महत्त्वाचं सगळं दोन ठिकाणी ठेवा. नंतर माझ्यापुढे रडायचं नाही." छापखाना बंद पडल्यावर पन्नाशीत तो हे काम स्वतःच शिकला, म्हणून जरा ताठाही होता. मीही त्याची बोलणी खाल्ली आहेत.

घरात दोन कॉम्प्युटर. बाहेरच्या खोलीत मामाचा, भंगारातले भाग जोडून उभा केलेला, लिनक्सवर चालणारा. त्याला कुणी हात लावायचा नाही. आत मामीचा विंडोजवाला. त्यावर ती लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं, म्हणजे कॉम्प्युटरांचं.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी अपघातात गेली. नोकरीच्या गावाहून ती रोज मामाच्या फोनवर अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची. बस चुकली, चप्पल तुटली, असलंच. मामानं ते सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. मामीचे गुडघे गेलेले, बाहेरच्या स्टुलावर तिला बसवत नसे. "मला आत ऐकता येईल असं करा," ती म्हणाली.

दोन्ही कॉम्प्युटर वायरनं जोडून मामा तीन दिवस खपला. लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दिसेना. दिसलं तर उघडेना. पासवर्ड टाकला तरी 'परवानगी नाही'. वैतागून त्यानं सरसकट परवानगी देऊन टाकली, वाचायची, लिहायची आणि पुसायचीही. फोल्डर उघडलं. आतून लेकीचा आवाज आला तेव्हा मामा दारात उभा राहून म्हणाला, "घे, आता तुझ्याकडेही आलं."

आलं काहीच नव्हतं. फायली बाहेरच होत्या, मामी त्या नुसत्या आतून बघत होती. हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. लोकांना तासभर प्रवचन झोडणाऱ्या माणसाला घरात ती सुचली नाहीत, याचा मला अजून राग येतो.

दीड महिन्यानं जेवताना मामी म्हणाली, "माझ्याकडचं ते मी काढून टाकलं. दिवसभर तेच ऐकत बसते, हातून काम होत नाही. तुमच्याकडे आहेच."

मामा ताटावरून उठला. बाहेरचं फोल्डर रिकामं होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून अशा पुसलेल्या फायली कचरापेटीतही सापडत नाहीत. लेकीच्या फोनचा अपघातात चुरा झाला होता, मामानं आपला जुना फोन विकून टाकला होता, आणि दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. चार दिवस त्यानं नाना खटपटी केल्या, मी शेजारी बसून पाहिल्या. हाती काही लागलं नाही.

मामीला त्यानं सांगितलेलं नाही. ती आता काम करते, पोटभर जेवते, झोपते. ते पाहून माझीही जीभ रेटत नाही.

काल ती त्याला म्हणाली, "येत्या शुक्रवारी वर्ष होईल. त्या दिवशी दोघं बसून एकच ऐकू. बस चुकलेलं. मग पुरे."

मामा "बरं" म्हणाला. आज सोमवार आहे.