कोहळ्याची इंग्रजी परीक्षा

वऱ्हाडातल्या तमाम पंचांना, पाटलांना आणि विशेषतः इंग्रजीच्या मास्तरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या प्रांतातली पहिली आणि देवकृपेने शेवटची 'नवरदेवाची इंग्रजी लेखी परीक्षा' अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या ओसरीवर पार पडली. परीक्षक साक्षात मी होतो! मध्यप्रांताचे सरकार तेव्हा नागपुरात बसून साऱ्या परीक्षांवर नजर ठेवून असे. ही एवढी त्याच्या नजरेतून सुटली, म्हणून मी आज मोकळा फिरतो आहे.

आम्ही जातीचे माळी. मोर्णा नदीकाठी मळा, वांगी, दोडकी, कोहळी पिकवायची आणि आत्याने ती बाजारात बसून विकायची. घरात शाळा पाहिलेला मी एकटा. एकदा मी अकोला स्टेशनावरची इंग्रजी पाटी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हापासून घरात माझा इंग्रजीतला अधिकार कायम झाला. (पाटीवर खाली तेच नाव मराठीतही होते, पण ते कोणी विचारले नाही.) अशा विद्वानाला कोण मळ्यात राबवणार? मी वेलाकडे फिरकतही नसे.

माझ्या धाकट्या बहिणीला, गोदीला, अमरावतीचे स्थळ आले. मुलगा वासुदेव, आपल्यातलाच, मॅट्रिकला बसणार होता. पाहायला तो मामांबरोबर आला. गोदीने स्वयंपाकघराच्या दाराआडून त्याला एकदा पाहिले आणि मनातल्या मनात लग्न करून टाकले. आता उरले होते फक्त आम्ही.

बाबा ओसरीवर मांडी ठोकून म्हणाले, "पोरीले सुई ओवाले लावतात, चालाले लावतात. मंग शिकलेल्या पोरानं लिहून दाखवाले काय हरकत हाय? लिही बावा इंग्रजीत, कोहळ्याच्या वेलाले कोहळं कसं लागते!"

(बाबांना जगात हा एकच विषय ठाऊक होता.)

वासुदेव खाली मान घालून लिहू लागला. तेवढ्यात गोदीने मला आत ओढले. "दादा, याले नापास केलं त पाय! तुह्या ताटात कोरडी भाकर वाढीन, जल्मभर!"

निबंध हाती आला. मी लाल-निळी पेन्सिल कानावर ठेवली, घसा खाकरला आणि कागदात डोके घातले. बहुतेक शब्दांशी माझी ओळख नव्हती. पण दोन शब्द ओळखीचे निघाले आणि मला दरदरून घाम फुटला. नर! मादी! कागदावर नर फूल होते, मादी फूल होते आणि एक मधमाशी दोघांमध्ये ये-जा करत होती! मुलगी पाहायच्या कार्यक्रमात! दाराआड साऱ्या बायका कान लावून!

बहिणीची अब्रू वाचवणे भाग होते. मी भाषांतर सुरू केले.

"वेलावर एक थोरलं फूल असते. एक धाकटं फूल असते. दोघं सख्खे भाऊ."

"भाऊ?" बाबा म्हणाले.

"हो. मंग मधमाशी येते. ते थोरल्याचा निरोप धाकट्याले देते."

"कायचा निरोप?"

"खुशालीचा."

"अन् मंग?"

"मंग कोहळं लागते."

वासुदेवाने तोंड उघडले, तोच मामांनी त्याला चिमटा काढला. होणाऱ्या मेहुण्याचे म्हणणे खोडायचे? भर कार्यक्रमात? त्याने तोंड मिटून घेतले.

"भावाभावाच्या खुशालीनं कोहळं लागते?" बाबा कडाडले. "पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात गेल्या अन् याले एवढं ठावं नाई? माही पोरगी काय खाईन याच्या घरी, निरोप?"

मामांनी पागोटे उचलले. "ऊठ रे वासुदेव! लय झाला पाहुणचार!"

आत एक पातेले धाडकन पडले. (ते माझ्यासाठी होते.)

"थांबा!" बाबांनी वासुदेवाला थेट विचारले, "पोरा, तू हेच लिहिलं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा तेव्हा शिजलेल्या वांग्यासारखा झाला असावा. मग तो अदबीने म्हणाला, "दादासाहेबांनी वाचलं त तसंच असन जी. इंग्रजीत कोहळं तसंच लागत असन."

एवढे होईपर्यंत दाराशी उभी असलेली आत्या सरळ ओसरीवर आली. "ठेवा तो कागद बाजूले! पोरा, आपल्या बोलीत सांग."

"नराचं फूल आधी येते जी, अन् गळून जाते," वासुदेव जमिनीकडे पाहत म्हणाला. "मादीच्या फुलाखाली बारकं कोहळं असतेच. माशीनं नराची पिवळी भुकटी आनली त ते धरते, नाई त सडते. माशा कमी असल्या त आमी सकाळीच नराचं फूल तोडून मादीच्या फुलाले लावतो."

बाबांचा चेहरा फुलला. "हे या कागदात हाय?"

"हाय जी."

सगळी ओसरी माझ्याकडे वळली. मी पेन्सिल कानावरून काढून खिशात लपवली. "बाबा, बायामानसांसमोर... असं नर-मादी... बरं दिसते का?"

"बायामानसं!" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अबे, रोज सकाळी मळ्यात फुलाले फूल कोन लावते? आमीच त लावतो! ही गोदी लहानपनापासून लावून राहिली!"

दाराआड बायका खो-खो हसल्या. त्यात गोदीचा आवाज सगळ्यात मोठा होता. मामांनी पागोटे पुन्हा खाली ठेवले.

"पोरगा पास!" बाबा ओरडले. "साखर आना!"

साखर वाटली गेली. मलाही चिमूटभर मिळाली. वातावरण निवळले असे समजून मामांनी मोठ्या मनाने विषय काढला, की नांदगाव पेठेला आमच्या नात्यात एक चांगली मुलगी आहे, तुमच्या या विद्वान चिरंजीवांसाठी पाहायची का? मी लाजून मान खाली घातली.

आणि आत्या सर्वांसमोर बाबांना म्हणाली, "भाऊ, पाय बापा पोरगी, पन लगन कराच्या आधी याले एक हंगाम कोहळ्याच्या वेलापाशी बसव!"