गावाकडचा माणूस

काल दुपारी शेजारच्या घरात कुणीतरी जवस भाजत होतं. तो खमंग वास माझ्या खोलीत आला आणि मला परभणीच्या होस्टेलचं फाटक आठवलं.

मी तिथे शिकत असताना बाबा आमच्या गावाहून, झरीहून, माझ्यासाठी जवसाची चटणी घेऊन आले होते. गावातल्या छोट्या चर्चची झाडलोट ते करायचे. अंगावर मळकं धोतर, गळ्यात दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस. माझ्यासोबत फाटकात उभ्या असलेल्या मित्रानं विचारलं, "हे कोण रे?"

मी म्हणालो, "आमच्या गावाकडचे आहेत."

बाबांनी ते ऐकलं. क्षणभर माझ्याकडे बघून ते मित्राला म्हणाले, "हाव, गावाकडचाच हाय मी. याच्या घरच्यांनी डबा धाडलाय." डबा देताना त्यांनी माझी बोटं हलकेच दाबली आणि ते स्टँडकडे निघून गेले.

रविवारी मी गावी गेलो. प्रार्थना संपल्यावर बाबा चर्चमधल्या चटया गुंडाळत होते. "बाबा, माझं चुकलं," एवढंच बोललो आणि मला रडू फुटलं.

"आता कामून रडायलास? मी तर फाटकातच माफ केलं होतं तुला."

"मी माफी मागायच्या आधीच?"

"देव तरी कुठं थांबतो आपल्या मागण्यासाठी?"

तोवर मला वाटायचं, पश्चात्ताप केला की कृपा मिळते. त्या दिवशी कळलं, ती आधीच मिळालेली असते, म्हणून तर रडू येतं.

बाबा पुन्हा कधी होस्टेलवर आले नाहीत. आता ते नाहीत, आणि रविवारी चर्चमध्ये मी एकटाच बसतो. माफी मिळाली, पण चारचौघांत त्यांना बाबा म्हणायचं राहून गेलं.